माझ्या सहीचं शेततळं

माझं काम शेततळी तपासायचं. रानात जायचं, टेप धरून खड्डा मोजायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि कागदावर सही ठोकायची. त्या सहीवर शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळतं. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडावं, म्हणून ही योजना. मला या कामाचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! घरी जेवतानासुद्धा मी शेततळ्यांवरच बोलायचे. नवरा म्हणायचा, "आधी भाजी वाढ, तळं मागनं खण."

गेल्या दिवाळीत सांगोल्याकडं, माझ्या सख्ख्या मावशीच्या बांधाला लागून असलेलं शेजाऱ्याचं तळं मी असंच पास केलं. आत नवाकोरा प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी मातीचा उंच भराव, भोवती तारेचं कुंपण. तळं कोरडं होतं. म्हटलं, पावसाळ्यात भरेल.

चैत्रात मावशीकडं गेले. सहज त्या भरावावर चढले आणि अगं बाई! तळं काठोकाठ भरलेलं! दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही आणि इथं पाणी हेलकावे खातंय. कोपऱ्यात मनगटाएवढ्या पाइपातून बोअरचं पाणी बदाबदा पडत होतं. मी पुन्हा भरावाकडं बघितलं. कमरेएवढा उंच, चहूकडून बंद. रानातलं पावसाचं पाणी आत शिरायला बोटभर वाट नव्हती. हा भराव मी स्वतः मोजला होता हो! लांबी, रुंदी, उंची, सगळं लिहिलं. आत पाणी येणार कुठून, एवढं विचारायचं मात्र सुचलं नाही. डोळे फुटले होते का माझे?

मावशी विहिरीवर होती. मी आत डोकावले. लहानपणी मी याच विहिरीत पोहायला शिकले. तिचा तळ कधी कुणी पाहिला नव्हता. आता खडक उघडा पडलेला आणि एका खोबणीत घागरभर गढूळ पाणी.

"शेजाऱ्यानं तीन बोअर मारल्यात," मावशी म्हणाली. "उपसून उपसून तळ्यात भरतुया. संक्रांतीपासनं आमची हीर खाली खाली गेली बघ."

तिची डाळिंबं लिंबाएवढी झाली होती. झाडं पानं मुडपून उभी होती. आठवड्यात पाणी मिळालं नाही तर फळ गळणार, आणि वर्षभराचं तिचं पोट त्या फळावरच.

मला रडू आलं, रागही आला. शेजाऱ्याचा आलाच, पण त्याहून जास्त माझा. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि ते कुंपण मी होते. राहवेना, सांगूनच टाकलं. "मावशी, ते तळं मीच पास केलंय."

वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. तर तिचा चेहरा उजळला!

"तूच व्हय? मग मलाबी दे की तसलंच. बोअर त्याच्यापरीस खोल मारते. बाग वाचंल माझी."

"नको गं मावशी! अशानं अख्ख्या गावाच्या विहिरी आटतील."

तिनं रिकामी घागर कमरेवर घेतली.

"परक्याला देताना गाव न्हाय आठवलं," ती म्हणाली. "माझ्या वक्ताला बरं आठवलं गं तुला."