दुधाची डिग्री

जुने विद्यार्थी बाजारात किंवा एसटी स्टँडवर भेटले की पाया पडून झाल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. "बाई, आता राग येतो का?" येतो की! न यायला काय झालं? रिटायर मी नोकरीतून झाले, स्वभावातून नाही. मग ते हसतात आणि पिपाची गोष्ट काढतात. ती मला आवडते, कारण तिच्यात मी शहाणी ठरते. दुसरी एक गोष्ट आहे, दुधाची. ती माझ्यासमोर कुणी काढत नाही, म्हणून आज मीच सांगते.

मी मूळची घाटनांदूरची. नोकरी लागली ती पार आष्टीकडं. जिल्हा एकच, पण हे एक टोक आणि ते दुसरं. आमच्याकडं निदान रेल्वे होती. इथं दिवसातून दोन एसट्या, त्यातली एक आली तर आली. हायस्कूल पत्र्याचं. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, त्यात सहा परीक्षानळ्या, एक उंच मोजपात्र, टवका उडालेला प्रिझम आणि उंदरांनी कुरतडलेला पचनसंस्थेचा तक्ता. पहिल्याच आठवड्यात मी हेडमास्तरांना सांगितलं, "साहेब, कपाटाला कुलूप राहू द्या. मी पोरांना बाहेर घेऊन जाते." ते म्हणाले, "बाहेर काय हाय बाई? धुरळा." मी म्हटलं, "मग धुरळा बघू."

त्या वर्षी पाऊस पोळ्यालाच गेला तो परत फिरकला नाही. विहिरी तळाला गेल्या, गावात टँकर सुरू झाला. शाळेला दोन पिपं मिळायची. मी एकावर गोणपाट टाकलं, दुसरं उघडं ठेवलं आणि दोन्हींच्या आत कोळशानं रेघ ओढली. चार दिवसांनी उघड्या पिपातलं पाणी रेघेच्या चांगलंच खाली. "कुठं गेलं?" मी विचारलं. एकजण म्हणाला, "पाखरांनी पिलं." दुसरी बाई असती तर म्हणाली असती, बाळा, त्याला बाष्पीभवन म्हणतात. मी म्हटलं, "बसा मग पाखरं मोजत." पोरं दिवसभर पाळ्या लावून उन्हात बसली. संध्याकाळी वर्दी आली, "बाई, दोन चिमण्या अन् एक कावळा. पर एवढं पानी काय ते पेत न्हाईत!" मग बाष्पीभवन शिकवलं आणि ते कुणी जन्मात विसरलं नाही. पुढच्या आठवड्यात गावातल्या पिपांवर गोणपाटं दिसायला लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! गावातून चालताना मी जरा ताठच चालायला लागले.

माझा एकच नियम होता, डोळ्यानं बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. प्रयोगवहीत मथळे ठरलेले असत: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान आणि शेवटी दक्षता. दक्षतेत पोरं डोळे मिटून एकच वाक्य लिहायची, 'उपकरणे स्वच्छ व कोरडी असावीत.' ते मात्र मी चालवून घ्यायची.

मग घनतेचा धडा आला. दिवाळी होऊन गेली होती. निम्मी शाळा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. जी पोरं राहिली होती ती बहुतेक दुभत्या जनावरामुळं राहिली होती. शेतात काही नव्हतं, पण गावात सहकारी दूध डेअरी होती. घरातली एखादी बाई एखाद्या गाईच्या आधारानं मागं थांबायची, दोन वेळा डेअरीला दूध घालायची आणि तेवढ्यावर पोरांची शाळा चालायची. डेअरीत दुधाचा कस बघायला काचेची एक तरंगती नळी असते. तिला गावात कुणी लॅक्टोमीटर म्हणत नाही, डिग्री लावणं म्हणतात. दूध दाट असलं की नळी वर राहते आणि आकडा मोठा दिसतो, पाणी घातलं की ती बुडते आणि आकडा उतरतो. घनता शिकवायला याहून चांगलं काय असणार? मी डेअरीच्या सेक्रेटरीकडून नळी मागून आणली आणि दहावीला सांगितलं, घरी गाय असेल त्यानं पेलाभर दूध आणायचं. प्रयोग झाल्यावर त्याच दुधाचा चहा.

पाच जणांनी दूध आणलं. अठ्ठावीस, एकोणतीस, सत्तावीस, अठ्ठावीस. पाचवा पेला एका मुलीचा होता. बोलायला कमी, पण अक्षर टोकदार आणि निरीक्षण त्याहून टोकदार. पिपाच्या प्रयोगात रेघ पिपाच्या आतून ओढा, हे मला तिनंच सुचवलं होतं. तिच्या दुधात नळी सोडली तर ती डुबकन खाली गेली. चोवीस.

मागच्या बाकावरून आवाज आला, "टँकरची गाय हाय बे!" वर्ग खो खो हसला. आणि मीही हसले. हसून वर फळ्यावर चोवीसचा आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि म्हटलं, "बघितलंत? आकडा खोटं बोलत नाही. ह्यात पाणी आहे." उचलली जीभ, लावली टाळ्याला! मुलीनं मोजपात्रातलं दूध परत आपल्या पेल्यात ओतून घेतलं आणि चहाला न थांबता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सेक्रेटरी नळी न्यायला आला, मोठा खुशीत. "बाई, लई झ्याक काम केलं. मी काय रोज सगळ्यांची डिग्री लावत न्हाई, माप बगून दूध घेतो. पर त्या पोरीच्या मायचं दूध आता बंद केलं. शाळेतच शिद्द झाल्यावर मी तरी काय करनार?"

शाळा सुटताच मी तिचं घर गाठलं.

तिची आई भांडी गोणपाटात बांधत होती. बाप बैलगाडी घेऊन आधीच कारखान्यावर गेलेला. डेअरीत दूध घालणं बंद झाल्यावर मागं राहून करायचं काय? येत्या बाजारी गाय आष्टीला नेऊन विकायची आणि मायलेकींनी ऊसतोडीच्या कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, जायचं, असं ठरलं होतं. दहावीच्या परीक्षेला तीन महिने उरले होते. वर्ष अर्ध्यावर सोडून कोपीवर गेलेली मुलगी परत बाकावर बसत नाही, हे मला नव्यानं कुणी सांगायची गरज नव्हती.

मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी समोर येऊन उभी राहिली. डोळ्यात पाणी नाही, नुसता राग. "बाई, तुमीच म्हन्ता न्हवं, डोळ्यानं बघितल्याबगर लिहायचं न्हाई? मी दूध ह्या हातानं काढलं अन् तसंच आनलं. तुमी बघितलं का मला पानी घालताना? मग फळ्यावर कावून लिवलं?"

नजर चुकवायची म्हणून बाजूला बघितलं, तर दावणीला गाय. आणि पहिल्यांदाच मी तिच्याकडं बघितलं. बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या. खुब्याची हाडं वर आलेली. पुढ्यात उसाच्या शेंड्यांचं वाळलेलं वाढं, तेही चघळून चोथा झालेलं. दुधात पाणी नव्हतंच. गाईच्या अंगातच काही उरलं नव्हतं, तर दुधात कुठून उतरणार?

"माय," मी तिच्या आईला म्हटलं, "हे सेक्रेटरीला सांगितलं का नाही?"

ती बाई माझ्या जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, पानी घातलं म्हना. चोर म्हना. पर दावनीला गाय उपाशी ठिवली, आसं गावात म्हनू नका. माहेरची कालवड हाय ती. माझ्या बापानं दिली."

मी शेतकऱ्याची लेक. मला कळायला हवं होतं. चोरीचा आळ घेऊन माणूस गाव सोडून जाऊ शकतो, पण जनावर उपाशी ठेवल्याचा बोल घेऊन तोंड कुठं दाखवणार? तिनं त्या दोन्हींतला हलका आळ निवडला होता. आणि मी तो फळ्यावर लिहून, गोल काढून तिच्या हातात दिला होता.

मी कबूल केलं की माझ्या तोंडून 'उपाशी' हा शब्द निघणार नाही. फक्त एक मागितलं, उद्याची सकाळची धार सगळ्यांसमोर काढायची. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "काडते. पर तुमी बोलायचं न्हाई." मी मान हलवली.

सकाळी अख्खी दहावी अंगणात. सेक्रेटरीला मी नळी घेऊन यायला लावलं होतं, तो कपाळाला आठ्या घालून उभा. मुलीनं धारेची कासंडी सगळ्यांना उलटी करून दाखवली, पोरांनी आत हात फिरवून बघितला. कोरडी. तिच्या आईनं धार काढली. आम्ही फेस बसू दिला, दूध निवू दिलं, मोजपात्र भरलं. नळी सोडली, ती डुबकन खाली गेली. चोवीस.

"आता?" सेक्रेटरी म्हणाला. "मग पानी आलं कुठनं?"

मी शब्द दिला होता, मी जमिनीकडं बघत राहिले. आणि ती मुलगी बोलली, खणखणीत. "पानी न्हाईच. गाय उपाशी हाय. दोन महिने झाले, नुसतं वाढं खातीय." तिच्या आईनं पदर तोंडाला लावला आणि ती घरात निघून गेली. मागच्या बाकावरचा तो टँकरवाला खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, झालं, एका आळाऐवजी दुसरा आळ दिला आपण ह्या घराला.

सेक्रेटरी पुढं झाला. गाईच्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्यांवर थांबला. "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येईल?" तो म्हणाला. मग घराच्या दाराकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं, "वहिनी, गावात कुनाचं जनावर पोटभर खातंय? माझी म्हैस बगा की, हाडाचा सापळा झालीय. तिच्या दुधाला मी डिग्रीच लावत न्हाई, घरचं मीठ अळणी निघायचं म्हनून!" पोरं फिसकन हसली. मग आतून आवाज आला, "च्या टाकलाय. बाईंना बसायला पोतं द्या."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी कधी चहा पिताना रडले नाही. त्या दिवशी रडले, आणि धूर डोळ्यात गेला असं सांगितलं.

पण शास्त्र तिथं संपत नाही. गाय उपाशी म्हणून डिग्री उतरली, हेही अजून अनुमानच होतं. पोरांना म्हटलं, "एक गोष्ट बदलून बघायची. फक्त चारा." दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी जे होतं ते आलं. कुणी कडब्याची पेंढी, कुणी भुईमुगाचा वाळका वेल, कुणी ओंजळभर सरकी. टँकरवाल्यानं दोन पेंढ्या आणल्या, न बोलता टाकल्या. डेअरीकडून पेंडीचं पोतं आलं. त्या बाईनं कशालाच हात लावला नाही. "मला कुनाचं फुकट नगं."

"फुकट कुठंय माय?" मी म्हटलं. "हे प्रयोगाचं साहित्य आहे. शाळेत परीक्षानळी लागते, तसा इथं कडबा लागतो. प्रयोग झाल्याशिवाय माझ्या पोरांच्या वह्या पुऱ्या होत नाहीत." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मी थाप मारतेय हे तिला कळलं होतं आणि ते मलाही कळलं होतं. तिनं एक पेंढी उचलली आणि गाईपुढं सोडली.

रोज सकाळी दोन पोरं जाऊन आकडा घेऊन यायची. आठवडाभर चोवीसच. मग पंचवीस. मी वर्गात पाऊल टाकायच्या आत पोरं ओरडून आकडा सांगायची. सव्वीसला टाळ्या पडल्या. तिसऱ्या आठवड्यात सत्तावीस आले, तोवर डेअरी परत दूध घ्यायला लागून बरेच दिवस झाले होते, भांडी गोणपाटातून निघून फळीवर गेली होती आणि ती मुलगी पहिल्या बाकावर परत आली होती. मार्चमध्ये तिनं दहावीचा पेपर दिला.

परीक्षेआधी प्रयोगवह्या सहीला आल्या. तिची मी मुद्दाम शेवटी घेतली. उद्देश: दुधात पाणी आहे का ते पाहणे. साहित्य: गाय एक, लॅक्टोमीटर, मोजपात्र, कडबा, पेंड. निरीक्षणाचा तक्ता असा आखलेला की एक रेघ वाकडी नाही. अनुमान: दूध खरे होते, गाय उपाशी होती. खाली दक्षता. पहिलं वाक्य नेहमीचं, उपकरणे स्वच्छ व कोरडी असावीत. दुसरं वाक्य तिचं स्वतःचं.

'डिग्री लावण्याआधी गाईकडे बघावे.'

मी लाल पेन हातात घेतलं. त्या गाईपुढं पोरांच्या डोळ्यांना डोळा देता आला नव्हता, आणि त्यानंतर वर्गात इतकं काही बोलले, पण माफीचा शब्द काही माझ्या जिभेवर आला नव्हता. शेवटी त्या वाक्यापुढं 'बरोबर' लिहिलं, त्याच्याखाली 'माझे चुकले' लिहिलं, आणि सही केली.