बाळाच्या टबाला माझा गाऊन

बाळाच्या टबात मोठ्या माणसाने बसू नये. हे मला बसल्यावर कळलं.

टब सासूबाईंनी नातवाला आणलेला. मी तो पालथा घालून वर चढले, माळ्यावरचं दुपटं काढायला, आणि तळाला ही एवढी चीर! आणि त्या संध्याकाळीच सासूबाई यायच्या होत्या, नातवाला स्वतः आंघोळ घालायला! वाट लागली माझी.

आमचे हे साकीनाक्याला फायबरच्या टाक्या बनवतात. फोन केला, तर जेवणाच्या सुट्टीत धावत आले.

"हे रेझिन. त्यात एक झाकण हार्डनर, म्हणजे ते सुकून कडक होईल. मग ही काचेची चटई चिरेवर, वरून रेझिन. बाळाला लांब ठेव."

"अहो, काचेची?"

पण हे गेले पण!

आता सांगा, माझ्या सात महिन्यांच्या लेकाच्या खाली काच? (मी सातवीच शिकले, पण काच टोचते एवढं कळतं!) चटई गेली कचऱ्यात. हार्डनरची बाटली उघडली, तर डोळेच चुरचुरले! झाकणभर कोण घालतंय? चार थेंब टाकले, नुसतं रेझिन ओतलं, टब गॅलरीत दोन विटांवर ठेवला. काय झकास दिसत होता! पाकातल्या पुरीसारखा.

पण संध्याकाळपर्यंत जीव थाऱ्यावर नाही. बाळ बसणार ना त्यात! म्हटलं आधी आपण बसून बघू. बसले, आणि कट्ट! तळ फाटला, मी आत, पाय वर! उठायला जाते तर उठवेना. गाऊन चिकटलेला! आणि दारात कोण? सासूबाई!

"अगं, टबात काय करतेस?"

"आई, ते... मजबूत आहे का बघत होते."

"मग? आहे का?"

मागोमाग हे. "चटई कुठाय? नुसतं रेझिन तडकणारच ना! ताण चटई घेते, रेझिन तिला धरून ठेवतं. हार्डनर किती घातलंस?"

"चार थेंब..."

"म्हणून तर चिकटलीस!"

सासूबाईंनी कात्री चालवली. मी सुटले, गाऊनची मागची बाजू टबातच! ह्यांनी त्यावरच बरोबर मापाचं रेझिन मारलं. "काच नाही तर नाही, कापड तरी आहे."

टब अजून टिकलाय. येणारी बाई तळाची गुलाबी फुलं बघून विचारते, "कुठून आणला हो?" सासूबाई लगेच, "सुनेच्या गाऊनची मागची बाजू आहे ती!"

 डोक्याला जमलं नाही, ते माझ्या बुडाने करून दाखवलं!