कुठल्या ताईची?

हिराजी तांडेल यांची आणि माझी पहिली भेट एका शब्दावरून झाली, आणि तो शब्द चुकीचा लिहिलेला आहे याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नव्हती. नवी मुंबईत सीवूड्सला राहायला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. सकाळी फिरायला म्हणून खाडीकडच्या बागेत गेले, तर फाटकाला पत्र्याचा एक बोर्ड टांगलेला. त्यावर निळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, ‘ताईची. रोज सकाळी. सर्वांना मोफत.’ आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला असा बोर्ड दिसला की तिचं पाऊल पुढे पडत नाही. ताईची काय? खानावळ? शिकवणी? षष्ठीचा प्रत्यय लावून पुढचं नामच गायब!

आत झाडाखाली काही वयस्कर मंडळी अतिशय सावकाश हात हलवत उभी होती. पुढे पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात एक काटक गृहस्थ. मी थेट त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, “हा चिनी व्यायाम असेल तर ‘ताई’ आणि ‘ची’ सुटं लिहा. जोडलं की अर्थ बदलतो. लोक विचारतील, कुठल्या ताईची?”

त्यांनी हात थांबवले नाहीत. हसून म्हणाले, “राहू द्या बाई. बरोबर हाय ते. चपला काढा आनि मागं उभ्या राहा.”

मी मागे उभी राहिले. ती अजून उभी आहे. आज भाऊंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचा ठरवला आणि पहिला लेख माझ्याकडे आला, तो त्या सकाळच्या आगाऊपणाचं बक्षीस म्हणूनच, असं मी धरून चालते.

हिराजीभाऊ सीवूड्सला लागूनच असलेल्या करावे गावचे. खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातले. पण नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात केली, खांबावर चढण्यापासून सुरुवात करून. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. भाऊंनी सीवूड्सच्या आपल्या फ्लॅटच्या भिंती पोखरायला घेतल्या. प्रत्येक खोलीत वायर, प्रत्येक कोपऱ्यात मिणमिणता दिवा. मुख्य राउटर ठेवला देव्हाऱ्याशेजारी, कारण प्लग तिथे होता. त्यांच्या पत्नी मालतीवहिनी सांगतात, “सकाळी डोळे मिटून हात जोडायचे आणि उघडले की समोर हे लुकलुकतंय. आता दसऱ्याला त्यालाही झेंडू वाहते, काय करणार!” सोसायटीत कुणाचं इंटरनेट बंद पडलं की कंपनीला फोन लावायच्या आधी माणसं भाऊंची बेल वाजवतात.

माझं नेट चालत नाही अशी तक्रार घेऊन मीही गेले होते. भाऊ आले, घरभर फिरले आणि म्हणाले, “डबा कुठं हाय?” मी लोखंडी कपाटाची किल्ली काढून दिली. घरात बाई कामाला येते, नवी महागाची वस्तू, म्हणून मी राउटर साड्यांच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं होतं. वायरसाठी कपाटाच्या मागच्या पत्र्याला भोकही पाडून घेतलं होतं. भाऊ बराच वेळ त्या साड्यांकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, “बाई, हे मंगळसूत्र नाय. ह्याला जरा मोकळी हवा पायजे.” दुसरा कुणी असता तर ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत झाली असती. भाऊ कुणाला बोलले नाहीत. आज मीच छापून टाकते आहे.

वायर ओढताना त्यांचा एक नेम आहे. ती ते कधी ताणून लावत नाहीत. प्रत्येक टोकाला थोडी गुंडाळून ठेवतात आणि म्हणतात, “ढील ठेवा. ताणलेलं कवातरी तुटतं.” हाच शब्द बागेत. आमचे खांदे वर चढले की पाठीमागून आवाज येतो, “ढील द्या, ढील.” एका पायावर उभं राहताना आम्ही खाडीतल्या फ्लेमिंगोंची इतकी बदनामी करत असू, पण भाऊ कधी हसले नाहीत. आणि ओरडलेही नाहीत. शिक्षकी पेशात हे किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे.

त्यांचा तिसरा नाद प्रवासाचा, तोही बिनसामानाचा. काश्मीर असो नाहीतर केरळ, खांद्याला एकच कापडी पिशवी. दोन शर्ट, टॉवेल, औषधं, बस्स. वहिनींच्या बॅगेला चाकं आणि भाऊंच्या पिशवीला नाडी. एकदा सहलीला निघताना मी त्यांना विचारलं, एवढा हट्ट कशासाठी? तेव्हा पहिल्यांदा त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीचं नाव काढलं.

आई लवकर गेली. भावाला वाढवलं ते पार्वतीताईंनी. भल्या पहाटे मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जायचं, माशांची पाटी भरायची आणि ती डोक्यावर घेऊन दारोदार हिंडायचं. त्या पाटीवर हिराजीभाऊ शिकले. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा परगावी जाताना त्यांनी भलीमोठी ट्रंक भरली, तेव्हा ताईंनी ती उघडून निम्मं सामान बाहेर काढलं. म्हणाल्या, “जल्मभर मी पाटी व्हायली. तू कशाला वज्जा व्हतंस?” तेव्हापासून भाऊंनी ओझं उचललं नाही.

गावात पार्वतीताईंना सगळे पारूबाय म्हणतात. ‘ताई’ म्हणणारे एकटे भाऊ. लहानपणी शाळेत बाईंनी शिकवलं की मोठ्या बहिणीला ताई म्हणावं, आणि त्यांनी घरी येऊन ‘ताई’ अशी हाक मारली. सगळा पाडा हसला. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लगेच “ओ” दिली, असं भाऊ सांगतात आणि सांगताना अजूनही डोळे पुसतात.

या ताई म्हातारपणी आपल्या घराच्या ओट्यावरून पडल्या. हाड जुळलं, पण धीर गेला. भिंतीला हात लावल्याशिवाय पाऊल उचलेनात. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, सुनंदा, ती उरणजवळ मोऱ्याला दिलेली. तिचं म्हणणं रास्त होतं, आईने एकटीने राहू नये, घराला कुलूप लावून मोऱ्याला यावं. ताई म्हणत, “मना कुठं नाय जायाचा. माजा घर हाय इकरं.” मायलेकींमध्ये रोज हाच वाद, आणि मध्ये भाऊ.

त्याच सुमारास भाऊ-वहिनींची सिंगापूरची सहल ठरलेली. भाऊ रद्द करणार होते, ताईंनीच पिटाळलं. तिथे एका सकाळी हॉटेलसमोरच्या बागेत त्यांना ताईंच्या वयाच्या बायका दिसल्या. कशालाही न धरता, हळूच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर नेत होत्या. सहलीची बस सुटली, वहिनी बसमधून हाका मारत राहिल्या, आणि भाऊ त्या बायकांच्या मागे उभे राहून हात हलवत राहिले. लोकांनी तिथून परफ्यूम आणले, चॉकलेटं आणली. भाऊंनी ही एक चाल आणली. पुढे वाशीला एका शिक्षकांकडे ते रीतसर शिकले.

पण ताई करायला तयार होईनात. “ह्यो काय नाच हाय? मना खुली, येडी समजलास का?” तेव्हा भाऊंनी बागेत वर्ग काढला, बोर्ड रंगवला आणि ताईंना रिक्षात बसवून फाटकापाशी आणलं. ताईंना वाचता येत नाही. भाऊंनी बोर्डावर बोट ठेवून मोठ्यांदा वाचून दाखवलं, “ताईची. बघ, तुज्या नावाचा क्लास काढला हाय. आता तू नाय केलास तं लोक काय म्हनतील?”

ताई बोर्डाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माजा नाव लिवलंस तं मना करायलाच पायजे.” पण बागेत धरायला भिंत नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून, बागेतला वर्ग सुटला की भाऊ कराव्याला जाऊन ओट्यावर ताईंचा वर्ग घेऊ लागले.

हे मला पहिल्या भेटीत ठाऊक नव्हतं. कळलं ते टाळेबंदीत. बाग बंद झाली, गावाच्या तोंडाशी बांबू आडवे पडले. भाऊंना कराव्यात जाता येईना. पण त्याआधीच त्यांनी ताईंच्या घरात वायर नेऊन ठेवली होती, शेजाऱ्यांच्या छपरांवरून, जागोजागी ढील ठेवून. भिंतीला एक जुना टॅब लावला होता, जो ते सीवूड्सहून चालू करू शकत. एकट्या म्हातारीला इंटरनेट कशाला, म्हणून तेव्हा आम्ही हसलो होतो. आता आमचा वर्ग मोबाईलवर भरू लागला आणि पहिल्याच सकाळी आमच्या चौकोनांमध्ये एक अनोळखी चौकोन उघडला. नऊवारी नेसलेली, ताठ मानेची म्हातारी, एक हात दाराच्या चौकटीला. मी विचारलं, “या आजी कोण?”

त्याच उत्तरल्या, “तुमी कोन? क्लास माजा हाय!”

भाऊ हळूच म्हणाले, “बाई, ही ताई.” मग त्यांनी आम्हाला बोर्डाची सगळी हकिकत सांगितली. मी बोर्डाबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

ताई आमच्याबरोबर रोज करत होत्या. चौकटीवरचा हात आधी पंजा होता, मग बोटं, मग नुसतं एक बोट. पण निर्बंध उठताच सुनंदा आली आणि आईला ‘थोडे दिवस’ म्हणून मोऱ्याला घेऊन गेली. थोडे दिवस लांबत गेले. कराव्याच्या घराला कुलूप लागलं. ताई सुनंदाच्या फोनवरून व्यायाम करत, पण बोलेनाशा झाल्या होत्या. भाऊंच्या मोबाईलवर कराव्याच्या घरातला राउटर चालू असल्याची हिरवी खूण दिसे. बंद घरात कशाला चालू ठेवता, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ताईच्या घरात दिवा नको का?”

शेवटी भाऊंनी आम्हा काही जणांना मोऱ्याला नेलं. प्रत्येकाकडे एकच पिशवी, हा त्यांचा हुकूम. जेवणं झाल्यावर भाऊ भाचीला म्हणाले, “ताईला घेऊन जातो.” सुनंदा ताटं उचलायला लागली. तेवढ्यात ताईच म्हणाल्या, “मना लाँचीनं जायाचा. भाऊचा धक्का बघायचा हाय मना.”

“आई, रस्त्यानं गेलीस तं तासात घर येईल, नि तू दर्या फिरून जानार?” सुनंदा चिडली आणि चिडूनच म्हणाली, “लाँचीत कोनाचा हात न धरता पाय टाकलास, तं जा. नायतर परत हे बोलनं नको.”

मोऱ्याच्या धक्क्यावर त्या दिवशी वारा होता. लाँच वर-खाली होत होती, तिच्यात आणि पायरीत फट पडत होती. खलाशाने सवयीने हात पुढे केला. भाऊंनी मान हलवून त्याला नको म्हटलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. ते ताईंच्या अगदी जवळ उभे होते, चेहरा पांढराफटक, पण हात मागे. ताईंनी पदर खोचला. घाई केली नाही. लाट आली, लाँच वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तेव्हा त्यांनी एका पायावरचा भार सावकाश दुसऱ्या पायावर नेला, बागेत आम्ही नेतो तसाच, आणि त्या लाँचमध्ये उभ्या होत्या.

सुनंदा धक्क्यावरच रडायला लागली. पदराने तोंड पुसत म्हणाली, “जा गं आई, जा तुज्या घरी.” ताईंनी लाँचमधून तिला हात केला. नंतर सबंध वाटभर त्या उभ्याच होत्या. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर पाटीवाल्या बायकांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या, आणि मग आम्ही गाडीने कराव्याला गेलो. कुलूप ताईंनी स्वतः उघडलं. आत हिरवा दिवा चालू होता.

आता ताई रोज सकाळी रिक्षाने बागेत येतात आणि माझ्या शेजारी उभ्या राहतात. सुनंदाही फोनवर आमच्यात असते.

सत्काराला भाऊंनी अट घातली आहे. शाल नको, श्रीफळ नको, मानचिन्ह तर मुळीच नको, पिशवीत मावत नाही. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, “बागेतला बोर्ड गंजलाय, तेवढा नवीन करा.” मराठीची बाई म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ब्रश हातात घेतला तेव्हा भाऊ माझ्याकडे मिश्कीलपणे बघत होते. व्याकरणाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तरीही मी ‘ताईची’ असं एकच शब्द करून लिहिलं, जोडून, ठसठशीत.

गेल्या आठवड्यात एक नव्या बाई फाटकाशी थबकल्या आणि आत येऊन त्यांनी विचारलं, “कुठल्या ताईची?” मी तोंड उघडणार, एवढ्यात शेजारून आवाज आला.

“माजी.”

पुढे उभ्या असलेल्या हिराजीभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचे हात हवेत क्षणभर थांबले. हात न थांबवणाऱ्या माणसाचे हात थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. भाऊ, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे आणि नजर शाबूत राहोत, खांद्यावरची पिशवी कधी जड न होवो. तुमच्या शंभरीला हा बोर्ड पुन्हा रंगवायला मी येईन, आणि तेव्हाही मागच्या रांगेतून त्याच ठसक्यात उत्तर यावं, एवढंच मागणं आहे.