प्रतिगृह्यताम् आणि देवरूखची एसटी

ऐंशीच्या दशकाची अखेर, वैशाखातला रविवार, रत्नागिरीतली आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा... लग्नानंतरचा पहिला सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा सव्वाअकराला उतरवला होता. ही वेळ माझ्या डोक्यात पक्की बसली आहे, आणि का ते पुढे कळेलच.

देवरूखहून सासू-सासरे आले होते. सासरे निवृत्त हेडमास्तर, आणि मी बारावी नापास, मोटार वाइंडिंग करणारा. लग्नाला त्यांनी होकार दिला तो मुलीच्या हट्टापायी... आमचं घर ते त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होते.

जावई अडाणी नाही, एवढंच मला त्यांना दाखवायचं होतं. रद्दीवाल्याकडून घेतलेल्या व्याकरणाच्या पुस्तकावरून मी तीन वर्षं एकट्याने संस्कृत शिकलो होतो. वाइंडिंगही असंच, कुणी न शिकवता. तिथे तारेचे टर्न, म्हणजे वेढे, मोजायला चुकलात तर मोटार जळते... तोच हिशोब मी अक्षरांनाही लावत असे.

पूजेला बसलो तोच मुळी पोथी मांडीशेजारी उघडी ठेवून. पूजा सांगायला आमच्याच आळीतले बापूभटजी होते, वय सत्तरीचं. पहिला उपचार झाला आणि ते सवयीने म्हणून गेले, "प्रतिगृय्हताम्."

"भटजी," मी म्हणालो, "पोथीत ह आधी आहे, य नंतर. प्रति-गृह्-यताम्."

भटजींनी चष्मा नाकावर खाली ओढून माझ्याकडे बघितलं. "बरं, यजमान. तसं म्हणू."

ज्यांच्या कधी लक्षात आलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो... जोडाक्षरात ह पुढे आला की आपण मराठी माणसं बोलताना त्याला मागे ढकलतो. लिहितो ब्रह्म, म्हणतो ब्रम्ह. लिहितो जिह्वा, म्हणतो जिव्हा. आणि 'प्रतिगृह्यताम्', म्हणजे स्वीकार व्हावा, हा शब्द पूजेत एकदाच येत नाही हो! गंध, फूल, धूप, दीप... काहीही वाहिलं की तो आहेच.

दर वेळी बापूभटजी थांबू लागले. "प्रति... गृह्... यताम्. झालं बरोबर?" मी मान डोलवायची, मग फूल वाहायचं. थोड्या वेळाने तर बाकीची जोडाक्षरंही ते असंच एकेक सोडवून म्हणायला लागले. म्हातारा सूड उगवतोय, हे मला कळून चुकलं. पण सासऱ्यांसमोर माघार कशी घ्यायची?

पूजेत मधूनमधून बायकोने यजमानाच्या हाताला हात लावायचा असतो. आमच्या हिने तो लावला आणि चिमटा काढला. "अहो, बाबांची अडीचची गाडी आहे!"

ही गाडी चुकली तर पुढची सहाची. आणि घरची म्हैस सासूबाईंखेरीज कुणाला धार काढू देत नसे. तीर्थप्रसादाआधी तर कुणी जेवणार नव्हतं. एक वाजून गेला. शेजारचे काका भिंतीला टेकून झोपले. सासूबाई स्वयंपाकघरात सव्वाअकराला उतरवलेल्या शिऱ्यावरचं झाकण उचलून बघत आणि परत ठेवत, ते आवाजावरून कळत होतं.

तेवढ्यात 'यज्ञ' हा शब्द आला, आणि मला राहवलं नाही. "भटजी, ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. आपण द्न्य म्हणतो ते..."

"मग म्हणा की तुम्ही. आम्ही ऐकतो."

आणि माझ्या लक्षात आलं... तीन वर्षं मी सगळं डोळ्यांनी शिकलो होतो. मोठ्याने कधी म्हटलंच नव्हतं! तरी जोर केला. शिंक आणि उचकी यांच्या मधलं काहीतरी बाहेर पडलं.

"सत्य आहे!" आतून सासूबाई म्हणाल्या, शिंक ऐकली की म्हणतात तसं.

काका खडबडून जागे झाले. हिचा माझ्या हातावरचा हात हसण्याने थरथरत होता. सासऱ्यांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

बापूभटजी मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूच ज्ञ म्हटला... ज् आणि ञ, दोन्ही स्वच्छ आणि तरी एकजीव. "हा वडिलांनी घोटून घेतलेला," ते म्हणाले. "द्न्य चार लोकांत बसायला लागलो तेव्हा आला."

जेवणं उरकेस्तोवर सव्वादोन वाजले. हात धुताना सासरे भटजींना म्हणाले, "आमच्या जावयांनी आज फार त्रास दिला तुम्हाला."

"त्रास?" भटजी म्हणाले, "अहो हेडमास्तर, पन्नास वर्षं पूजा सांगतोय. यजमान घड्याळाकडे बघतो, नाहीतर पंख्याकडे. आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकत होतं. म्हणून तर सावकाश म्हटलं. मजा आली हो!"

सासऱ्यांनी टोपी चढवली. आम्ही धावतपळत स्टँडवर पोचलो तेव्हा दोन पस्तीस झाले होते. गाडी गेलेली... सासूबाईंना म्हैस दिसू लागली आणि मला माझा निकाल.

सासरे बाकावर बसले. टोपी काढून त्यांनी वारा घेतला. "आता सहापर्यंत इथेच ना? मग ही सांगत होती ते तुमचं व्याकरणाचं पुस्तक जरा घेऊन या."

मी घराकडे वळलो, तोच त्यांनी थांबवलं.

"ज्ञ मलाही येत नाही," ते इकडेतिकडे बघून म्हणाले. "पस्तीस वर्षं शाळेत द्न्य म्हणूनच रेटलं."

सहापर्यंत आम्ही दोघं त्या बाकावर शिंकत बसलो होतो. शेजारचा प्रवासी अर्ध्या तासाने उठून लांब जाऊन बसला.

म्हशीने त्या संध्याकाळी शेजारणीला निमूट दूध दिलं, आणि सासूबाईंना गाडी चुकल्यापेक्षा त्याचाच राग जास्त आला. मी पुढे सात वर्षं बापूभटजींकडे जात राहिलो, या वेळी कानांनी शिकायला. ज्ञ अजून त्यांच्यासारखा उमटत नाही... पण माझ्याकडून चूक काढून घेण्यात ज्याला आनंद झाला, असा माणूस मला त्या दिवशी भेटला, हे भाग्यच.