हिरवा उजेड विझला तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगते आहे — ठाऊक नाही. सांगितल्यावाचून राहवत नाही, इतकंच.

गोंदियाच्या एका कॉलेजात आम्ही दोघी पीएचडी करत होतो. मी कुडव्याची, सरिता अर्जुनी मोरगावची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पेरोव्स्काइटचे अतिसूक्ष्म स्फटिक बनवायचे, हे आमचं काम. अतिनील टॉर्च मारला की ती पूड अशी हिरवी उजळते — पुढे टीव्हीच्या पडद्यांत, दिव्यांत वापरता येईल अशी. पण दमट हवा लागली की संपलं. माझी पूड बंद बाटलीतही आठवड्यात विझायची. सरिताची तीन महिने टिकली होती.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही.

ऑगस्टमधला शनिवार. सरिता गावी गेली होती. मी तिची बाटली काढली, झाकण उघडलं. बघायचंच होतं — की आणखी काही होतं मनात? आजही नक्की सांगता येत नाही. तेवढ्यात घरून फोन आला. बोलत बोलत मी बाहेर पडले. झाकण टेबलावरच राहिलं.

सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचले. टॉर्च मारला. काहीच नाही. मी झाकण घट्ट लावलं आणि बाटली जागेवर ठेवली.

हे मी केलं. विसरणं नव्हे — हे.

दुपारी आमच्या गाइड सरांनी पडदे ओढून टॉर्च मारला. अंधारच. "कुणी उघडली होती?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही सर."

"मी पक्कं झाकण लावून गेली होती सर," सरिता म्हणत राहिली. सरांना वाटलं, तिनं आकडे मनानंच लिहिले. सगळ्या लॅबसमोर तसं बोललेही. दिवाळीनंतर ती आलीच नाही.

मग मी काय केलं? लॅबमध्येच राहिलेल्या तिच्या वहीतली कृती जशीच्या तशी करून पाहिली. पूड चार महिने उजळत होती. सरिताचे आकडे खरे होते — आता पुरावा माझ्या हातात होता. मी तो माझ्या प्रबंधात घातला. आज त्याच कॉलेजात शिकवते.

गेल्या महिन्यात गोरेगावच्या बसमध्ये ती भेटली. शिकवण्या घेते म्हणाली. शेजारी बसून माझ्या मुलीची चौकशी केली. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमचं तर जमलं. माझंच काऊन बिघडलं असन? अजूनबी डोक्यात फिरून राहते."

सांगायला तीन शब्द पुरले असते. बस तर अजून अर्धा तास चालायची होती.

मी म्हणाले, "तुझ्या हातून काहीतरी राहिलं असेल गं."

तिनं मान हलवली. "तसंच असन," म्हणाली.