कात्री लागलेला आहेर

त्या वर्षी सोयाबीनचा भाव पडला आणि मुरुडच्या बाजारात आमच्या कापडदुकानासमोरून माणसं नजर चुकवून जाऊ लागली. आमचं दुकान आहेराच्या मालाचं: टॉवेल, टोप्या, ब्लाउज पीस. लग्नं थांबली नव्हती, आहेरही थांबले नव्हते. थांबली होती ती खरेदी. बायका ट्रंकेतला जुनाच पीस काढून पुढच्या लग्नात देत. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याचं हसू यायचं, मला संताप.

पुण्याचा लेक मागे लागला होता, "दुकान बंद करा, इकडं या, मी खोली बघतो." शेवटी ठरलं, एवढी लग्नसराई बघायची, नाहीतर शटर ओढायचं. मला मुळीच जायचं नव्हतं. पुण्यात मी भांडणार कुणाशी?

अशातच एका लग्नात मला आंबा रंगाचा पीस मिळाला. घरी येऊन उलगडला तर आत शाईचा डाग. हा डाग घडीत लपवून मीच तो पीस नणंदेला दिला होता. फिरून फिरून भोपळे चौकात! मालक पोट धरून हसले. मी चिडून कात्री घेतली आणि माझा झंपर बेतला. अर्धा कापून झाल्यावर डोक्यात उजेड पडला. एकदा कात्री लागली की तो पीस आहेरात देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन दुकानाच्या दारात मांडली. ट्रंकेतले पीस आणा, निम्म्या शिलाईत झंपर शिवून घ्या. बायका गठुडी घेऊन आल्या.

मालक कुरकुरले, "अगं, आपलं दुकान कापडाचं हाय, शिंप्याचं न्हाई."

"तुमी गप बसा. मी गावातले पीस संपवायलेय."

लग्नसराई सरत आली. माझा धीर सुटायला लागला होता, तेवढ्यात गल्लीतली सगळ्यात चिकट बाई दुकानात आली.

"वैनी, उद्या भाचीचं लगीन, अन् घरात एक बी पीस न्हाई. समदे तुमीच कापले. नवे दाखवा."

तिच्या मागे आणखी दोघी उभ्या होत्या. मालकांनी नवा गठ्ठा सोडला. मला इतका आनंद झाला, की मी तिच्याशी भावावरून भांडलेसुद्धा नाही.

संध्याकाळी मालकांनी लेकाला फोन लावला. "खोली बघू नको बाबा. तुझी आई कात्री खाली ठिवंना."