सशाचा तुटलेला कान

पार्कातून बाहेर पडायच्या दारापाशी एक टेबल होतं. टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि सुतळीनं बांधलेला पेन. कागदावर पाच प्रश्न होते. आवडती राइड कोणती, नावडती कोणती, आवडतं कार्टून कोणतं, नावडतं कोणतं, आणि पुन्हा याल का. माझी मुलगी दुसरीत आहे. तिनं तिचा कागद उभ्याउभ्या भरून टाकला. माझाही झाला. राहिला बाबांचा.

बाबांना सही येते, बाकी लिहिता येत नाही. त्यांचे कागद भरायचं काम मी चौथीपासून करत आले आहे. सोसायटीचे, रेशनचे, माझ्या स्वतःच्या कॉलेज प्रवेशाचेसुद्धा. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझा आला, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. पण त्या दिवशी पहिल्याच प्रश्नावर माझा हात थांबला. सकाळी तोच कागद समोर आला असता तर बाबांना न विचारताच मी आवडती राइड लिहून टाकली असती.

कारण मला वाटायचं, ती मला माहीत आहे.

आमचं दीड एकर रान. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेला जे लोक येतात त्यातले कितीतरी तिथंच चुली मांडून स्वयंपाक करतात, म्हणून भाजी हातोहात जायची. आई घरी तोडणीला थांबायची आणि मी बाबांसोबत दुकानावर. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला अंथरलेली दोन पोती आणि एक तराजू. आमची जागा दर वर्षी ठरलेली होती, लाकडी पाळण्याच्या बाजूला.

पाळण्याला चार डबे होते, आणि प्रत्येक डब्याच्या तोंडाशी प्लायवूडचं कापलेलं, रंगवलेलं एकेक कार्टून. हत्ती, वाघ, बदक आणि ससा. हत्ती देखणा होता, निळ्या रंगाचा, सोंड वर केलेला. वाघ हसरा होता. बदकाला टोपी होती. सशाच्या वेळी मात्र रंगवणाऱ्याचं लक्ष कुठंतरी दुसरीकडे असावं. एक डोळा आभाळाकडे, एक डोळा आमच्या वांग्यांकडे, आणि दात असे की जणू तो गाजर सोडून माणसं खातो. लहान पोट्टे त्याला पाहून रडायचे. मोठे म्हणायचे, "त्या दातवाल्यात नाई बसत आपन."

हाताचा पाळणा तराजूसारखा असतो. एका बाजूला दोन मुलं बसली आणि समोरचा डबा रिकामा राहिला तर तो ढकलताना दम निघतो, आणि खाली येताना हिसका बसतो. म्हणून समोर कोणी नसलं की पाळणेवाला आमच्याकडे पाहून ओरडायचा, "ओ भाजीवाले! पोट्टी द्या वजनाले!"

बाबा म्हणायचे, "जाय वं."

आणि मी जायची. फुकटात, एका दिवसात दहा-दहा वेळा. वर्गात मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायची. फक्त एक गोष्ट सांगायची नाही. पैसे देणारी मुलं आधी डबा निवडायची, हत्ती पहिले भरायचा, आणि हत्तीच्या बरोबर समोर ससा होता. म्हणजे मी जत्रेतला पाळणा सगळ्यांत जास्त खेळलेली पोरगी, पण हत्तीत एकदाही न बसलेली.

चौथीत माझ्या बाकावर बसणारी एक मैत्रीण होती. तिच्या घरी टीव्ही होता. रविवारी तिच्या ओसरीवर बसून आम्ही कार्टून पाहायचो. आमच्या हिशोबानं कार्टून म्हणजे ज्याचे डोळे मोठे असतात आणि जे कितीही उंचावरून पडलं तरी मरत नाही. आम्ही दोघींनी महिनाभर आधी ठरवलं होतं की यंदा जत्रेत हत्तीत एकत्र बसायचं. रोज मधल्या सुट्टीत तेच बोलणं. ती सोंडेच्या बाजूला, मी शेपटीच्या बाजूला, येताना अदलाबदल.

ती तिच्या आईसोबत भर दुपारी आली. ऊन चटकत होतं, पाळण्याजवळ कोणी नव्हतं. ती हत्तीत जाऊन बसली आणि मी एक पाय आत टाकला.

"तू कुटं?" पाळणेवाला म्हणाला. "तू सशात."

"नाई," मैत्रीण म्हणाली, "ते माह्याजवळ बसनार हाये."

"मंग समोर कोन बसंन? मी?"

तिची आई बाजूलाच उभी होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. ती सहज बोलून गेली, "बसू दे ना वं तिले समोर. ते तं नेहमीच बसते फुकटात."

माझा एक पाय हत्तीत आणि एक जमिनीवर. मला रडू आलं नाही. मी नुसती माझ्या पायाकडे पाहत राहिले. तो उचलून बाहेर घ्यायचा होता आणि तो उचलला जात नव्हता.

बाबा कोणाला तरी वांगी तोलून देत होते. त्यांनी तराजू खाली ठेवला आणि आले. पोत्याकडे पाहावं तसं आम्हा दोघींकडे पाहिलं. वजन नजरेनं सांगण्यात बाबांचा हात कोणी धरत नसे.

"दोघी मिळून पन्नास भरतात," ते म्हणाले. "मी पंचावन. मी बसतो सशात."

"आन् भाजी कोन पाहीन?"

"भाजी कुटं पळून चालली?"

आणि बाबा बसले. डबा लहान मुलांचा. गुडघे हनुवटीला लागलेले, टोपी एका हातानं धरलेली, दुसरा हात सशाच्या कानाला. चार माणसं जमली. कोणीतरी ओरडलं, "दादा, वर जा, पन वांगे वर नका नेऊ!" पाळणा फिरला. हत्तीत मी होते. सोंडेच्या बाजूला ती, शेपटीच्या बाजूला मी. आम्ही वर गेलो की बाबा खाली, आम्ही खाली आलो की बाबा वर, आणि दर वेळी बाजूनं जाताना बाबांचे दात दिसायचे. मला वाटलं, किती हसतायत. मी बाबांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. मग काहीतरी 'कडाक' वाजलं.

पाळणा थांबला तेव्हा बाबांच्या हातात सशाचा डावा कान होता.

"अरे, माह्या सशाचा कान!" पाळणेवाल्यानं कपाळावर हात मारला. सगळे हसले. बाबा खाली उतरले, थोडा वेळ खांबाला धरून उभे राहिले, आणि मग तेही हसले. मला म्हणाले, "लय मजा आली, माय." घरी गेल्यावर आईलाही तेच सांगितलं, "लय मजा आली." दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांनी तो कान तारेनं बांधून दिला. तो तिरपा बसला. त्या वर्षापासून ससा आणखीच भयंकर दिसायला लागला, आणि मला आवडायला लागला. पुढं मला कोणी सशात बसायला सांगितलं नाही तरी मी त्यातच बसायची.

मी कारंज्याला एसटीनं जाऊन-येऊन बी.एस्सी. केलं, आता तिथंच शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी लागली तेव्हापासून डोक्यात एकच होतं. बाबांना कधीतरी मोठ्या पाळण्यात बसवायचं. आपल्यामुळे माणूस एकदाच बसला, तेही मुलांच्या डब्यात गुडघे मुडपून, आणि त्याला लय मजा आली. तर खऱ्या पाळण्यात किती येईल!

यंदा दिवाळीच्या सुट्टीत ते जमलं. शेलूबाजारहून जीप केली, समृद्धी महामार्गावर चढलो आणि नागपूरकडच्या त्या पार्कात पोचलो. दारातच मांजराच्या वेशात एक माणूस उभा होता. एवढं मोठं डोकं, जाडजूड केसाळ अंग, मुलांशी हात मिळवत होता. माझी मुलगी फोटोला धावली. बाबांनीही हात मिळवला आणि सोडलाच नाही. त्या मांजराच्या तोंडात डोकावून विचारलं, "गर्मी होत नाई का बावा आतमदी?"

मांजरानं नुसती मान हलवली. त्यांना बोलायची परवानगी नसावी. बाबांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून पुढं केली. मांजरानं पोटावर हात ठेवून वाकून नमस्कार केला, पण बाटली घेतली नाही. बाबांनी चार वेळा मागं वळून पाहिलं.

मुलीला सगळ्यात बसायचं होतं. तिच्यासोबत मला झुलणाऱ्या नावेत बसावं लागलं, आणि माझ्या कागदावर नावडती राइड म्हणून मी हीच लिहिली. नाव मागं जाते तेव्हा पोट पुढंच राहतं, हे मी वर्गात शिकवते, अनुभव पहिल्यांदा घेतला. बाबा बाकड्यावर चपला आणि पिशव्या सांभाळत होते. म्हणाले, "पहिले तुमी फिरा." मला वाटलं, लाजत असतील. दुपारी मी हाताला धरून उठवलं.

"चला बाबा. तुमच्यासाठीच तं आलो आपन."

समोर पाळणा होता. खाली उभं राहून टोपी धरल्याशिवाय त्याचं टोक दिसत नव्हतं. बाबा उठले. गुपचूप रांगेत लागले. रांग सरकली तसे तेही सरकले. माझी मुलगी त्यांचं बोट धरून होती. ती म्हणाली, "आबाजी, तुमचा हात ओला काहून हाये?"

मी वळून पाहिलं. बाबांचे ओठ हलत होते. कपाळावर घाम होता, आणि ऊन तर एवढं नव्हतंच.

"बाबा, काय झालं?"

"काई नाई. चाल, चाल. आपला नंबर आला."

"नाई, सांगा."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "उंचावर मले नाई जमत, माय. पोटात गोळा येते. विहिरीची मोटर बिघडे तं कोन उतरे? तुहा काका. मी कदी उतरलो?"

खरंच, कधी नाही. लहानपणापासून मी ते पाहत होते आणि मला कधी दिसलंच नव्हतं.

"मंग त्या दिवशी जत्रेत? तुमी तं हसून राह्यले होते."

"हसून नव्हतो राह्यलो. दात वाजून राह्यले होते."

"तुमीच तं म्हनले, लय मजा आली."

"तुले आली होती ना?"

मी विचारलं, "आन् कान?"

"मजेनं कान तुटते काय कोनाचा?"

मागचे लोक पुढं सरकायला सांगत होते. बाबा पुढं सरकलेसुद्धा. मी विचारलं नसतं तर ते बसले असते, हे मला पक्कं माहीत आहे. दोनशे किलोमीटरवरून पोरीनं हौसेनं आणलं, म्हणून ते डोळे मिटून बसले असते, आणि संध्याकाळी आईला सांगितलं असतं, लय मजा आली. मी त्यांना दंडाला धरून रांगेबाहेर काढलं.

"अवं, तिकीट फुकट जाईन."

"जाऊ द्या."

"एवढ्या दुरून आनलं तुनं..."

"बाबा, बसा बाकड्यावर."

ते बसले. रंग परत आला चेहऱ्यावर. मी बाजूला बसले. स्वतःचा राग येत होता. वर्गात तरफ शिकवते, तराजू शिकवते, कुठल्या बाजूला किती वजन पडलं ते फळ्यावर मांडून दाखवते, आणि हे एक मला इतक्या वर्षांत मांडता आलं नव्हतं. बाबा मात्र मान वर करून पाळण्याकडे पाहत होते, आता जरा मोकळेपणानं.

"याले समोर वजन लागत नाई का?"

"मोटर आहे, बाबा. कोणीच बसलं नाही तरी फिरतो."

"मंग बरं हाये," ते म्हणाले. "कोनाले बसा लागत नाई."

मुलगी रडवेली झाली होती, आणि तिच्या उंचीच्या मुलांसोबत मोठं माणूस लागतंच. मग तिला घेऊन मी गेले. वर पोचल्यावर खाली पाहिलं. बाकडं दिसलं, पिशव्या दिसल्या, बाबांची पांढरी टोपी दिसली. ते पाळण्याकडे पाठ करून बसले होते. आम्ही वर आहोत तोवर त्यांना पाहवत नव्हतं. तीनही फेऱ्या त्यांची पाठच दिसली.

आणि मग संध्याकाळी ते टेबल, तो कागद, आणि सुतळीचा पेन.

"बाबा, आवडती राइड कोणती?"

"बाकडं लिही."

"नावडती?"

"ते नको लिहू. त्याईले वाईट वाटंन."

मी जागा कोरी सोडली. आवडतं कार्टून विचारलं तेव्हा त्यांना वेळ लागला नाही. "ससा. आपला दातवाला. त्यानं धरू देलं मले."

"इथं ससा नाही, बाबा."

"नसू दे. लिही."

मी लिहिलं, ससा, दातवाला. नावडतं कार्टून विचारल्यावर ते जवळजवळ रागावलेच. "नावं कायले ठेवाची कोनाले? ते मांजर सकाळपासून उभं हाये."

उरला शेवटचा प्रश्न. पुन्हा याल का?

बाबांनी नातीकडे पाहिलं. ती त्यांच्याच पिशवीवर डोकं टाकून पेंगत होती. "येईन," ते म्हणाले. "पन बसनार नाई, असं लिही."

मी तसंच लिहिलं. येणार, पण बसणार नाही. त्या कागदावर सहीला जागा नव्हती. तरी मी भरलेल्या प्रत्येक कागदावर करतात तशी बाबांनी खाली कोपऱ्यात सावकाश सही केली, आणि पेन पुन्हा सुतळीजवळ नीट ठेवून दिला.